मोरामागचा पट

"मोर कुणी उतरवला?"

आक्का गिरणीतून दळण घेऊन आली होती. पिठाचा डबा कडेवर तसाच, केसांवर पीठ उडालेलं, आणि ती दारातूनच समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर मोराच्या जागी नुसता खिळा होता आणि त्याच्याखाली चुन्याचा एक उजळ चौकोन.

मी पलंगाखाली होते. दिवाळीची आवराआवर चालली होती आणि ट्रंका पुसायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे खरं तर मी तिथे बसून गेल्या वर्षीची एखादी लवंगी माळ राहिलीय का ते शोधत होते. प्रश्न मला नव्हता हे मला कळलं होतं. आमच्या घरात त्या वर्षी बरेच प्रश्न असे हवेत विचारले जायचे.

"मीच काढला," मागच्या अंगणातून उत्तर आलं. "पाठीमागं जाळी धरली हुती. पुसून अंगणात ठेवलाय."

ही शालन, आमच्या आण्णांची दुसरी बायको. आई पावसाळ्यात काविळीनं गेली आणि पुढचा पावसाळा यायच्या आत आत्या, चुलते आणि कॉलनीतले काही शहाणे यांनी मिळून आण्णांचं लग्न लावून दिलं. पोरींकडे बघायला कुणीतरी पाहिजे, असं सगळे म्हणत होते. पोरींना कुणी विचारलं नव्हतं. शालन जतकडची. भावांचे संसार उभे करून देता देता तिचं स्वतःचं लग्नाचं वय उलटून गेलेलं. ती आल्यावर घरात भाकरी वेळेवर मिळायला लागली, माझ्या वेण्या सारख्या उंचीवर आल्या, आणि तिला हाक काय मारायची हा प्रश्न उभा राहिला. हाकच मारायची नाही, असं आक्कानं ठरवून टाकलं. ती नववीत होती आणि मी चौथीत, त्यामुळे ठरवायचं काम तिचं. मी आपली स्वयंपाकघराच्या दाराला सांगायचे, भूक लागली. दार ऐकायचं आणि ताट यायचं.

ती मात्र आक्काला आक्काच म्हणायची, कारण मी म्हणायचे. स्वतःच्या निम्म्या वयाच्या पोरीला आक्का म्हणायचं आणि वर अहोजाहो करायचं. आक्काला त्याचाही राग यायचा.

पण खरा राग होता तिच्या गळ्यातल्या टाकाचा. मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात तिनं एक चांदीचा टाक घातलेला होता, नखाएवढा. मला वाटायचं, असेल तिच्या गावचा देव. जेवायला बसण्याआधी ती एक घास बाजूला काढायची, नवीन काही अंगावर घालायचं तर आधी त्या टाकाला लावायची, आणि कणीक मळताना, भांडी घासताना हलक्या आवाजात त्याच्याशी बोलत राहायची. कॉलनीतल्या कुणीतरी आक्काच्या कानात भरवलं होतं की अशा बायका मंतरलेलं काहीबाही गळ्यात घालतात आणि त्यानं पहिलीची आठवण घरातून हळूहळू पुसून जाते. आक्का शाळेत विज्ञानात पहिली यायची. तरी हे तिनं मानलं होतं.

आणि आता मोर भिंतीवरून खाली आला होता.

मोराचं सांगायचं तर आधी झट्टूचं सांगावं लागेल. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो आणि आण्णा तिथे टर्बाईनवर होते. हंगाम चालू असला की उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटायचा, टर्बाईन फिरायचं आणि सगळ्या कॉलनीला रात्रंदिवस वीज मिळायची. ती वीज एकटे आण्णाच बनवतात असं मला वाटायचं आणि आण्णांनी माझा गैरसमज दूर करायची घाई कधी केली नाही. पण उन्हाळ्यात हंगाम संपला की आम्ही गावाच्या लायनीवर जायचो, आणि गावाची लाईट रविवारी सकाळी हमखास जायची.

रविवारी सकाळी टीव्हीवर झट्टू लागायचा. चौकोनी डोक्याचा, हिंदीत बोलणारा, कायम डावीकडून उजवीकडे पळणारा आणि खड्ड्यांवरून उड्या मारणारा झट्टू. त्याच्याबरोबर गरगरत जाणारी चकरी, पाठीवर घर घेतलेले घोंघूजी नावाचे गोगलगाय आजोबा, आणि जुगनू, म्हणजे एक काजवा, जो अंधारात बाकीच्यांना वाट दाखवायचा. चौघंजण आपल्या हरवलेल्या घराकडे निघालेले असायचे आणि ते घर काही यायचं नाही. हे कार्टून मुळात एका व्हिडिओ गेमवरून काढलेलं होतं हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. कॉलनीत तसला गेम कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे झट्टूला तीनच जीव का, आणि मेल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून का पळायला लागतो, यावर आम्हा मुलांचे फार वाद चालायचे. त्याच्या मागच्या जन्मीच्या पुण्याईपर्यंत मजल गेली होती.

एका उन्हाळ्यात झट्टू बोगद्याच्या तोंडाशी उभा असताना लाईट गेली आणि पुढचे सगळे रविवार तशीच जात राहिली. मी भोकाड पसरलं. आईनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग ती उठली, भिंतीवरचा मोर काढला आणि गोधडीवर पालथा घातला.

हा मोर तिच्या रुखवतातला. मखमलीवर मणी भरून केलेला, वर काच, पाठीला हार्डबोर्ड. लग्नात पाहुण्यांनी वाकून वाकून बघितलेला हा मोर, आणि आईनं त्याच्या पाठीवर ऑइलपेंटनं पट काढला. घरं आखली. कार्टून ती नीट बघायची नाही, चपात्या लाटता लाटता नुसतं कानावर पडायचं, म्हणून जे ठाऊक नव्हतं तिथे तिनं कॉलनीच काढली. बुडबुड्यांच्या तळ्याच्या जागी कारखान्याची मळीची टाकी आली. लोखंडी मनोरा म्हणून आमची चिमणी आली. ढब्बू राक्षसाला तिनं कारखान्याच्या वॉचमनच्या मिशा काढल्या आणि आण्णांना ताकीद दिली की हे बाहेर बोलायचं नाही. सोंगट्या केल्या बाटल्यांच्या बुचांच्या, रंग देऊन. जुगनूच्या बुचावर तिनं बॅटरीचा एक गेलेला छोटा दिवा बसवला. फासा आण्णांनी वर्कशॉपात नायलॉनच्या तुकड्यातून करून आणला. तो एका अंगाला जरा जड झाला होता आणि सारखं दोनच दान द्यायचा. आण्णा म्हणायचे, मशीनचा दोष आहे.

झट्टू मी, चकरी आक्का, घोंघूजी आण्णा आणि जुगनू आई. नियम आईचे होते. तीन जीवांची भानगड तिनं पहिल्याच दिवशी रद्द केली. ह्या पटावर कुणी मरत नाही, ती म्हणाली, मळीच्या टाकीत पडला तर मेला म्हणायचं नाही, बसला म्हणायचं. दुसरा नियम बोगद्याचा. जुगनू आत जाऊन मध्यावर उभा राहिल्याशिवाय बाकी कुणी बोगद्यात पाऊल टाकायचं नाही, कारण आत अंधार आहे. आणि तिसरा असा की जुगनूला बाहेर पडायला दान लागत नाही. सगळे बाहेर पडेपर्यंत त्यानं तिथेच उभं राहायचं आणि जो शेवटी राहील त्यानं जुगनूला हातानं उचलून घरी आणायचं. शेवटी कायम घोंघूजीच असायचे. त्यामुळे आईला घरी आणायचं काम दर डावाला आण्णांकडे. आक्काचं म्हणणं, ते मुद्दाम मागे राहतात.

आई गेल्यावर मी काही दिवस गप्पपणे वाट बघितली होती. तिनं पटावरचे जीव रद्द केले असले तरी टीव्हीवर ते होतेच, आणि मला वाटत होतं की तिचा हा पहिलाच असणार. एकदा मी आक्काला तसं विचारलं. तिनं मला मारलं नाही, ओरडली नाही, फक्त सोंगट्या गोळा करून हिंगाच्या रिकाम्या डबीत घातल्या, डबी चौकटीच्या मागे सुतळीनं बांधली आणि मोर भिंतीला लावून टाकला. तेव्हापासून मोर आमच्याकडे बघायचा आणि पट भिंतीकडे. येणारे जाणारे म्हणायचे, काय सुरेख मोर आहे.

मी पलंगाखालून निघून आक्काच्या मागे अंगणात गेले. पेरूच्या सावलीत एक दुपटं अंथरून त्यावर मोर पालथा ठेवला होता आणि पट आभाळाकडे उघडा होता. इतक्या महिन्यांनी तो बघून मला इतका आनंद झाला की मी आक्काच्या तोंडाकडे बघायचं विसरले. झट्टू, चकरी आणि घोंघूजी सुरुवातीच्या घरात नीट ओळीनं मांडलेले होते.

"ह्याला हात लावायचा नाही," आक्का म्हणाली. "हे आमचं आहे."

"व्हय," शालन उभी राहत म्हणाली. हातात फडकं होतं. "वला फडका न्हाई लावला. रंग जाईल म्हणून कोरड्यानंच पुसलं."

"डबी का उघडली?"

तिनं सांगितलं की सुतळी कुजली होती, डबी खाली पडून झाकण निघालं. सांडलेल्या होत्या त्या तीन तिनं उचलून मांडल्या. दिव्याची सोंगटी डबीतच होती, कापसात, तिला मात्र तिनं हात लावलेला नाही.

"तिला का नाही लावला?" मी विचारलं. मी तिला सरळ तोंडावर विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. आक्कानं माझ्याकडे वळून बघितलं.

"कापसात गुंडाळून ठेवलीय कुणीतरी," शालन म्हणाली. "बाकीच्या तशाच हाईत. म्हणलं, ही त्यांची असंल."

कापूस आक्कानं गुंडाळला होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती खाली वाकली, तिन्ही सोंगट्या मुठीत घेतल्या आणि दुसऱ्या हातानं चौकट उचलायला लागली. मी पटाचा कोपरा धरून ठेवला. रविवार होता, लाईट नुकतीच गेली होती, बॉयलर पेटायला अजून वेळ होता, आणि पट इतका जवळ आलेला पुन्हा भिंतीकडे तोंड करून जायला निघाला होता. मला खेळायचंय, मी म्हणाले. ती ओढत होती, मी सोडत नव्हते, आणि मधे काच होती.

"खेळायचंय म्हणजे कसं?" आक्का म्हणाली. "जुगनू कोण होणार? बोगद्यात सगळे अडकून बसतील. आई नाही तर जुगनू नाही, आणि जुगनू नाही तर कुणी पुढं जात नाही. एवढं कळत नाही तुला?"

मला कळत होतं. पण मी नऊ वर्षांची होते आणि मला काहीही करून बोगद्याच्या पलीकडे जायचं होतं. मी बोट केलं आणि म्हणाले, "मग ही होईल."

आक्कानं चौकट खाली ठेवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी हळू विचारलं, "जुगनू हिला द्यायचा?"

पुढच्या पायरीवर आण्णा सायकलच्या चेनला तेल घालत होते, तो आवाज थांबला. शालन फडक्याची घडी घालत होती. घडी झाली, मग तिनं ती मोडून पुन्हा घातली.

"मी न्हाई व्हणार ती," ती म्हणाली. "त्यांची सोंगटी त्यांचीच. दान तेवढं मी टाकीन ताईंच्या नावानं, हलवा तुम्ही. माझं समदं तसंच तर चालतंय."

"ताई कोण?" आक्का म्हणाली.

तिनं गळ्यातला काळा दोरा पुढे ओढला आणि टाक तळव्यावर घेऊन आमच्यासमोर धरला. मी तो इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. देव नव्हताच तो. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, ठसा मारून काढलेली, नाकडोळे असे काही नाहीत, दोन्ही हात खाली सोडलेले.

"ह्या," ती म्हणाली. "तुमच्या आई."

आक्काची मूठ सुटली आणि चकरी खाली पडून दुपट्यावर गोल फिरली.

मग शालननं सांगितलं. तिच्या गावाकडे दुसरेपणावर दिलेल्या पोरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची रीत आहे. हळद लागली त्या दिवशी तिच्या आईनं तो घातला. पहिला घास पहिलीचा, पहिलं लुगडं पहिलीचं, दारी आलेलं पहिलं हळदीकुंकूही तिचंच, मग उरेल ते आपलं. तिच्या आईनं बजावून सांगितलं होतं, ह्यात कसूर झाली तर ती संसार लागू देणार नाही. हे सगळं सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती, टाकाकडे बघत होती, जणू बोलण्यात काही चुकलं तर तिकडून दुरुस्ती होणार होती.

आक्का मुळात हुशार. तिला जे लागायचं होतं ते लगेच लागलं. "म्हणजे आईची भीती वाटते म्हणून," ती म्हणाली. "आमच्या आईची."

"घातला तवा भीतीच हुती," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. पहिले दिस रातच्याला हात लागला तरी दचकायची मी. आता न्हाई वाटत." "तुमच्या घरात आमटीला गूळ किती लागतंय, ह्या निमाला ताप आला की काय मागती, हे कधी हसत्यात का, त्यांनाच ठावं. म्हणून त्यांना इचारत बसती. आणि आक्का, ह्या घरात माझ्यासंगं दुसरं बोलतंय तरी कोण?"

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तसं सांगितलं. पण मला रडू यायला लागलं. दाराला सांगितलेल्या सगळ्या भुका मला आठवल्या. आक्का वळून घरात गेली.

मला वाटलं, संपलं. पण ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर जाडी गोधडी होती. तीच, आई मोराखाली घालायची ती. "दुपट्यावर काच तडकेल," ती कुणाकडेही न बघता म्हणाली आणि मला चौकटीची एक बाजू धरायला लावली. आम्ही गोधडी अंथरली. तिनं हिंगाची डबी उघडली, कापूस सोडला आणि जुगनू सुरुवातीच्या घरात ठेवला. दिव्याची काच अजून स्वच्छ होती. वास मात्र हिंगाचा येत होता, सगळ्याच सोंगट्यांना यायचा.

आता घोंघूजी उरले. मी पुढच्या दाराकडे बघितलं. आण्णा सायकल सोडून घरातून चालत मागच्या उंबऱ्यापर्यंत आलेले होते, हात तेलानं काळे. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी त्यांना म्हणाले, या, तुमची सोंगटी. त्यांनी मान हलवली.

"मला नाही जमायचं आज," आण्णा म्हणाले. "घोंघूजी तिला द्या." आणि ते उंबऱ्यावरच बसले.

ती पदर खोचून गोधडीच्या कडेला बसली, अर्धी मातीत. पहिलं दान जुगनूचं असायचं. तिनं फासा आधी टाकाला लावला, मग टाकला. दोन.

"आईला पण सारखं दोनच पडायचं," मी म्हणाले.

आक्काच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला आणि तिनं तो लगेच खोकला करून टाकला. पण जुगनू तिनं दोन घरं पुढे नेला.

शालनला खेळ काही येत नव्हता. झट्टू कोण, तो पळतोय कशाला, ह्या मिशांचा राक्षस आमच्या गेटवरच्या वॉचमनसारखा का दिसतो, सगळं विचारत होती. आक्का तुटक का होईना उत्तरं देत होती, कारण चुकीचं खेळलेलं तिला सहन व्हायचं नाही. हळूहळू उत्तरं लांबायला लागली. मधेच मी विचारलं की तुम्ही आईला ताई म्हणता, मग तुम्ही आमच्या मावशीच झालात ना. मला ते साधं गणित वाटत होतं. तिनं फाशाकडे बघितलं, आक्कानं पटाकडे, आणि माझ्या गणिताला कुणी बरोबर किंवा चूक काही दिलं नाही.

मग घोंघूजी मळीच्या टाकीत पडले.

"मेली का मी?" तिनं विचारलं.

"मेली म्हणायचं नाही," आक्का आणि मी एकदमच म्हणालो. "बसली म्हणायचं."

बोलून झाल्यावर आम्हाला कळलं की हे आपण कुणाच्या आवाजात बोललो. आक्का खाली वाकून गोधडीची सुरकुती सारखी करायला लागली. उंबऱ्यावर आण्णांनी तोंड फिरवलं आणि तेलकट हातानंच डोळे पुसले, त्यामुळे त्यांच्या गालावर चांगली काळी रेघ उठली. ती दिवसभर तशीच होती आणि आमच्यापैकी कुणी त्यांना सांगितलं नाही.

जुगनू बोगद्यात शिरला, मध्यावर जाऊन उभा राहिला. मागून आक्काची चकरी गेली. माझा झट्टू गेला. आई होती तेव्हा मी बोगद्यात शिरताना डोळे मिटून घ्यायचे, त्या दिवशी उघडे ठेवले. चकरी घरी पोचली. झट्टू घरी पोचला. घोंघूजी टाकीतून निघून, चिमणीला वळसा घालून, दोन दोनच्या दानांनी एकदाचे बोगद्यात आले, जुगनूला ओलांडून पुढे सरकले आणि बाहेर पडून घरात येऊन बसले.

"पोचलं," ती म्हणाली आणि हात मांडीवर ठेवले. तिला वाटलं, डाव झाला. "चांगला हाय की खेळ."

पटावर जुगनू एकटाच राहिला होता, काळ्या रंगाच्या मधोमध.

नियम मला माहीत होता, पण मी बोलले नाही. मलासुद्धा कळत होतं की हे आता माझं सांगायचं काम नाही. आण्णा उंबऱ्यावरून उठत होते. मला वाटलं, ते येतील आणि नेहमीसारखे उचलतील. ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले, कारण आक्कानं त्यांच्याकडे बघून नको अशी मान हलवली.

"अजून झालेला नाही," आक्का म्हणाली. "जुगनूला घरी आणायचं असतं. शेवटी जो राहतो त्यानं."

"मग आणा की तुम्ही."

"मी नाही शेवटी राहिले." आक्कानं बोगद्याकडे बोट केलं. "घ्या तिला, मावशी."

तिनं आधी आण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आक्काकडे, की हे आपल्यालाच म्हटलं ना. मग दोन्ही हात पदराला पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. दोन बोटांत जुगनू उचलला. सरळ उचलून घरात ठेवला असता तर चाललं असतं, आण्णा तसंच करायचे. पण तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं जुगनूला बोगद्यातून एकेका घरावर टेकवत, एकही घर न गाळता, शेवटपर्यंत आणलं आणि आमच्या तिघांच्या मधे उभं केलं. आणि मग दुसऱ्या हातानं गळ्यातला टाक हलकेच दाबून धरला.

टीव्हीवर ते चौघं घरी पोचले की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. हंगाम सुरू होऊन लाईट आली त्या रविवारी आम्ही टीव्ही लावला तर त्या जागी भलतंच काहीतरी लागलं होतं आणि झट्टू संपून गेला होता. मी फारशी रडलेही नाही.

त्या दिवशी आण्णा येऊन गोधडीवर बसले. हात तसेच काळे, गालावर रेघ. ते म्हणाले, पुढच्या डावाला घोंघूजी मी होणार, माझी सोंगटी मला परत पाहिजे.

"मग मावशी कोण होणार?" मी म्हणाले. "सोंगट्या चारच आहेत."

मावशी म्हणाली की ती नुसतं दान टाकेल, तिला सोंगटी कशाला. आक्का उठून आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तेलाच्या बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला.